सिद्रामअण्णांची डबल बेल

मी आज जो काही आहे तो सिद्रामअण्णांमुळे आहे. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकतो. पुढे त्यांच्या तऱ्हा सांगायला लागलो की ते राहून जाईल आणि वाचणाऱ्याला वाटेल, मी त्यांची चेष्टा करतोय. चेष्टा सोलापुरातले रिक्षावाले करतात. मी करत नाही. निदान त्यांच्या तोंडावर तरी नाही.

अण्णांची मुख्य तऱ्हा अशी, की चालकाला तीन प्रश्न विचारल्याशिवाय ते कुठल्याही वाहनात बसत नाहीत. नवी पेठेतून चार गल्ल्या पलीकडे जायचं असलं, तरी आधी रिक्षासमोर जाऊन उभे राहतात, वाकून चालकाच्या डोळ्यांत बघतात आणि विचारतात, "जेवलास का? झोपलास का? घरी सगळं बरं हाय का?" चालक तेलुगू घरातला असेल तर "तिन्नावा?", अक्कलकोटकडचा कानडी असेल तर "ऊट आतेनू?" भाषा बदलते, प्रश्न तोच. उत्तरं पटली तर बसतात आणि बोटातल्या अंगठीने रिक्षाच्या दांडीवर दोनदा वाजवतात. टण टण. मग रिक्षाने निघायचं.

"अण्णा, तीन चाकां हैं, विमान नै," एकदा एक रिक्षावाला कावून म्हणाला. "खाया मैं, सोया मैं, घर में सब खुश हैं, बकरी बी खुश है. अब तो बैठो!"

"बकरीचं म्या इचारलं न्हवतं," अण्णा आत बसत म्हणाले, "पर बरं केलंस सांगितलंस ते."

अण्णा एसटीच्या लाल गाडीचे कंडक्टर होते. कंडक्टरने एकदा घंटी वाजवली की गाडी थांबते, दोनदा वाजवली की निघते. चालक पुढचा रस्ता बघतो, मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. कुणाचा पाय पायरीवर आहे, कुणाची पिशवी खाली राहिली, दार लागलं की नाही, हे सगळं कंडक्टरने बघायचं आणि मग डबल बेल द्यायची. अण्णा निवृत्त झाले, घंटी मात्र त्यांनी डेपोत जमा केली नाही. घरातून निघताना ते चौकटीवर दोनदा वाजवतात. पुतण्याच्या वरातीत त्यांनी घोडी धरणाऱ्याला विचारलं, "घोडीनं काय खाल्लंय का?" तो गप्प राहिला. वरात अर्धा तास खोळंबली. नवरदेव फेटा बांधून उन्हात उभा, आणि अण्णा घोडीला हरभरे चारतायत.

डोळ्यांतला मोतीबिंदू काढायची वेळ आली तेव्हा टेबलावर आडवे पडल्या पडल्या त्यांनी डॉक्टरांनाही विचारलं. डॉक्टर सरळ स्वभावाचे. हसून म्हणाले, "सकाळपासून नुसता चहा झालाय, आजोबा." अण्णा उठून बसले. पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. "आधी खावा. माझा डोळा कुटं पळून जात न्हाय." डॉक्टरांनी खाल्ली. नंतर म्हणाले, चटणी फार छान होती. अण्णा हे अजून चारचौघांत सांगतात, डोळ्याविषयी काही सांगत नाहीत.

मला ते भेटले तेही असेच. माझे वडील वैरागच्या बाजारात हमाल. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मला सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली, पण राहायची सोय नव्हती, म्हणून पहाटेच्या गाडीने जायचं आणि रात्रीच्या गाडीने यायचं. एका सकाळी मी दांडीला धरून उभ्या उभ्या झोपलो होतो. कंडक्टरने खांदा हलवला आणि तेच तीन प्रश्न विचारले. मी गाडी चालवत नव्हतो, तरी विचारले. तिन्हींची उत्तरं वाईट निघाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी अण्णा वैरागला उतरून सरळ माझ्या वडिलांसमोर उभे राहिले. "ह्ये पोरगं येऊन-जाऊन मरंल. माझ्याकडं राहू द्या की." वडील म्हणाले, "तुमची-आमची वळख न्हाय." अण्णा म्हणाले, "रोज तिकीट देतोय त्याला. अजून काय वळख पायजे?"

चार वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो. अण्णांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी, काशीकाकू, तेव्हा होत्या. मी दुसऱ्या वर्षाला असताना अण्णा निवृत्त झाले आणि मग रोज दुपारी दस्तगीरचाचा यायचे, अण्णांच्या गाडीचे जुने चालक, एका पायाने लंगडत. उंबऱ्यातूनच विचारायचे, "खाना हुआ क्या, सिद्राम?" अण्णा म्हणायचे, "बसतोय आता." चाचा अर्धा कप चहा घेऊन जायचे. मला ती रामरामासारखीच एक रीत वाटायची.

पहिल्यांदा परदेशी निघालो तेव्हा अण्णा स्टेशनवर सोडायला आले. माझी बॅग त्यांच्याच हातात होती. डबा मागे, इंजिन पुढे, आणि अण्णा बॅग घेऊन इंजिनाकडे चालले. "अण्णा, गाडी सुटेल!" "इचारल्याबिगर कशी सुटंल?" त्यांनी खालून हाक मारून इंजिनाच्या खिडकीतल्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "जेवलोय बाबा, झोपलोय पण, तुम्ही मागं व्हा." तोवर सिग्नल पडला होता. मी बॅगेसकट पळत जो डबा सापडला त्यात चढलो. दारातून बघितलं तर अण्णा फलाटावरच्या खांबावर अंगठीने दोनदा वाजवत होते.

आता त्या शुक्रवारची गोष्ट.

मी युरोपातल्या एका थंड शहरात नव्या मेट्रोवर काम करतो. या मेट्रोला चालक नाही. गाडी फलाटावर थांबते, दारं उघडतात, मिटतात. दार पूर्ण मिटलं की दारच गाडीला निरोप देतं, "बंद झालो." तो निरोप आल्याशिवाय गाडी हलत नाही. हा निरोप खरा येतो की नाही, एवढंच तपासणं माझं काम.

बहिणीच्या साखरपुड्यासाठी मी आठवड्याच्या रजेवर आलो होतो. रजा नावापुरती. वैरागला नेट धड चालत नाही, म्हणून साखरपुडा उरकून कामापुरता अण्णांकडे आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"डायवर न्हाय म्हनतोस. मंग कंडक्टर?"

"तोही नाही, अण्णा."

"मंग डबल बेल कोन देतंय?"

"दारच देतं."

अण्णांनी घराच्या दाराकडे बघितलं. "आन दार खोटं बोललं तर?"

"दार कशाला खोटं बोलेल?"

"मानूस बी बोलत न्हाय. दमल्यावर बोलतंय."

मी हसलो. पण दार एकदा खोटं बोललं होतं. काही आठवड्यांपूर्वीच्या चाचणीत एका दाराने पुरतं मिटायच्या आधीच "बंद झालो" म्हणून सांगितलं. लहान मुलाचा हात मावेल एवढी फट होती आणि गाडी हलली. आत कुणी नव्हतं. त्यानंतर शेकडो वेळा दारं उघडली-मिटली, तसं पुन्हा झालं नाही. निरोप देणाऱ्या यंत्रावर धूळ बसली असेल, असं ठरवून ते पुसलं आणि प्रकरण मिटवलं.

शनिवारी गाडीत पहिल्यांदा माणसं बसणार होती, आम्हा कामगारांचीच कुटुंबं, पोराबाळांसकट. त्याआधी प्रत्येक खात्याची सही हवी होती. शुक्रवारी दुपारी आमच्या प्रमुखाचा, हेन्रिकचा फोन आला. (अण्णांनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी हणमंत करून टाकलं होतं.)

"महादेव, सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुझी राहिली."

"मला ते एक दार पुन्हा बघायचंय."

"ते तीनदा बघून झालंय. तुमच्याकडच्या सहा वाजेपर्यंत सही दे." आणि वर, "पुढच्या महिन्यात तुझा करार नवा करायचाय, आठवण आहे ना?"

आवाज गोडच होता. पण त्या करारावर माझा व्हिसा होता आणि व्हिसावर बाकी सगळं. वैरागच्या घरावर तेव्हा नुकताच स्लॅब टाकला होता, बाकीचं बांधकाम व्हायचं होतं. बहिणीच्या लग्नाची तारीख धरली होती. वडील बाजारात पोती उचलता उचलता सांगायचे, "आमचा म्हादू तिकडं रेल्वेचा साहेब हाय." मी पडद्यावर सहीचं पान उघडलं. पहिलाच चौकोन होता, "मी पुरेशी विश्रांती घेतली आहे." त्यावर खूण करायची माझ्या बोटाला सवय होती. ती करून टाकली. खरं म्हणजे चार दिवस मी तुकड्या-तुकड्यांनी झोपत होतो. तिकडच्या चाचण्या रात्रीच्या, म्हणजे आपल्या पहाटेच्या. मग बैठका. मधल्या वेळात पाहुणे आणि पेढे.

अण्णा ताट घेऊन दारात उभे होते.

"म्हादेवा, जेवलास का?"

"नंतर जेवतो."

"झोपलास का?"

"अण्णा, आत्ता नको. सहाच्या आत सही द्यायचीय."

त्यांनी ताट खाली ठेवलं, जवळ आले, माझी हनुवटी धरली आणि खिडकीकडे वळवली. रिक्षावाल्याच्या डोळ्यांत बघतात तसं बघितलं. "लाल झाल्यात. तुज्या गाडीत आज म्या बसत न्हाय."

"तुम्ही कशाला बसताय? ती गाडी युरोपात आहे!"

"माझ्यासारकं कुनीतरी बसंल की."

मी पडद्याकडे वळलो. अण्णांनी माझ्या खांद्यावरून हात घातला, लॅपटॉप मिटला, काखेत मारला आणि स्वयंपाकघरात गेले. मी मागे धावलो. त्यांनी ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं, लॅपटॉप ज्वारीत ठेवला, झाकण लावलं आणि वर बसले. मांडी घालून.

"अण्णा, उठा!"

"न्हाय."

"अहो, माझी नोकरी जाईल!"

"जाऊ दे. गाडी तर जानार न्हाय?"

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांवर ओरडलो. तुम्हाला यातलं काय कळतं म्हणालो, माझ्या घराचं काय होईल म्हणालो. हात धरून ओढायचा प्रयत्नही केला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर जन्मभर दांडी न धरता उभा राहिलेला. हलला नाही.

मी दमून जमिनीवर बसलो तेव्हा ते बोलायला लागले.

"दस्तगीरचा पाय कशानं गेला, ठावं हाय तुला?"

"अपघातात."

"कुनाच्या?"

मला वाटायचं, गाडी घसरली असेल. तेवढंच ठाऊक होतं.

"त्याची बायको दवाखान्यात हुती. दोन रात्री त्यो तितं बसून हुता. सकाळी तसाच डूटीवर आला. मला काय बोलला न्हाय. पर म्या डोळं बघितलं हुतं त्याचं. लाल हुतं. म्हनलं, इचारावं. गाडीला उशीर झालता, मानसं वरडत हुती, 'ओ कंडक्टर, घंटी द्या की!' दिली म्या." अण्णांनी अंगठी कोठीच्या पत्र्यावर टेकवली, वाजवली नाही. "वळणावर डोळा लागला त्याचा. गाडी चिंचेला भिडली. कुनी मेलं न्हाय, देवाची किरपा. एका बाईचा हात मोडला. दस्तगीरचा पाय गेला, त्यो परत कवा चाकामागं बसला न्हाय. चौकशीत त्यानं सांगितलं, 'म्या कुनालाच काय बोललो नव्हतो, चूक माझी.' सगळ्यांनी त्यालाच धरलं. बराबर हाय, गाडी त्यो चालवत हुता. पर घंटी म्या दिली ना?"

बाहेर पापडवाली ओरडत गेली. अण्णा थांबले, ती गेल्यावर म्हणाले, "तुजं त्ये बटन. ती डबल बेल हाय. बाकी मला तुज्यातलं काय बी कळत न्हाय."

मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. पाचला उठवायचं वचन घेतलं आणि आतल्या खोलीत आडवा झालो. फोन उशाशी थरथरत होता, हेन्रिकच असणार. तो थरथरत असतानाच मला झोप लागली.

"ऊठ, पाच वाजल्यात." अण्णा पुन्हा कोठीवर जाऊन बसले होते. मी तोंडावर पाणी मारून आलो तेव्हा ते उतरले आणि लॅपटॉप काढून धोतराने पुसून माझ्या हातात दिला. बटणांच्या फटींत ज्वारीचे दाणे अडकले होते.

मी त्या एका दाराची नोंद पहिल्यापासून वाचायला घेतली. तीच नोंद, आधी दहादा वाचलेली. पण या वेळी ज्या ओळीवरून मी दर वेळी घसरत होतो, तिच्यावर थांबलो. त्या रात्री ती गाडी थेट धुण्याच्या जागेतून चाचणीला आली होती. नंतरच्या शेकडो चाचण्यांतल्या गाड्या कोरड्या होत्या. धूळ नव्हे, पाणी. आणि शनिवारची गाडी? घरची माणसं येणार म्हणून ती पहाटे खास धुऊन, चकचकीत करून आणणार होते.

मी हेन्रिकला फोन लावला.

"सही करत नाही. गाडी धुवा आणि दारं पुन्हा तपासा."

"महादेव, उद्या सकाळी तीनशे माणसं येतायत!"

"म्हणूनच."

"खात्री आहे का तुला?"

"नाही. खात्री नाही, म्हणूनच सही नाही."

तो म्हणाला, "याचा विचार पुढच्या महिन्यात करावा लागेल," आणि फोन ठेवला.

सहा वाजून गेले. मी स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून बसलो. वडिलांना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो. तेव्हा माझं लक्ष कोठीमागे गेलं. ताटावर ताट झाकून ठेवलेलं होतं. वरचं उचललं. दोन भाकरी, वांग्याची भाजी. भाजी पार गार झालेली.

"अण्णा, हे कुणाचं?"

"माझंच की."

"दुपारपासून जेवला नाहीत?"

"कोठी सोडली असती तर तू उघडली असतीस." मग ताटाकडे न बघता म्हणाले, "तसं रोजच राहून जातंय. काशी गेली, मंग दस्तगीर. त्यो यायचा, इचारायचा, मंग बसायचो. आता कोन इचारतंय? ताट वाढतो, मंग काय तरी काम निघतंय."

जगभराच्या चालकांची जेवणं विचारत फिरणारा हा माणूस. मी साखरपुड्यापासून त्यांच्या घरात होतो. मला एकदाही विचारायचं सुचलं नव्हतं. मी भाजी गरम केली, समोर बसलो आणि ते जेवेपर्यंत उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्रिकचा निरोप आला. रात्री त्यांनी गाडी धुतली, दारं उघडली-मिटली. तिसऱ्या स्थानकावर दार पुन्हा खोटं बोललं. शनिवारची फेरी रद्द. निरोपाच्या शेवटी एकच शब्द होता, "आभार." मी तो अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हणमंताला इचार, रातभर जागला असंल, झोपला का म्हनावं."

अण्णांचा फोनवर विश्वास नाही. ऐकू येत नाही म्हणतात. खरं तर ते स्वतः इतके ओरडतात की दुसऱ्याचं ऐकू येणं शक्यच नाही. म्हणून दारं दुरुस्त होऊन गाडी खरोखर निघाली, तेव्हा मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं :

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

काल गाडी निघाली. आदल्या रात्री मी नीट झोपलो होतो आणि सकाळी जेवून गेलो होतो. हणमंतालाही विचारलं. तो आधी गोंधळला, मग खिशातलं केळं काढून माझ्यासमोर खाल्लं.

गाडी धुतलेली होती. आत पुष्कळ मुलं होती. एक मुलगी दाराला हात लावून उभी होती, तिच्या आईने तिला मागे ओढलं. दार पुरतं मिटलं, मग त्याने निरोप दिला, मग गाडी हलली. प्रत्येक स्थानकावर मी बघत होतो. पहिल्या स्थानकावर मी खांबावर दोनदा वाजवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बोटात अंगठी नाही, त्यामुळे तुमच्यासारखा आवाज आला नाही.

करार नवा झाला. वडिलांना तुम्ही सांगा, तुमच्याकडून त्यांना जास्त बरं वाटेल.

आता एक मागणं आहे. तुमची जेवायची वेळ होते तेव्हा मी इकडे कामावर निघत असतो. त्या वेळी मी रोज फोन करीन. बोलू नका, ओरडू नका, ऐकू येण्याची चिंता करू नका. मी काय विचारतोय ते तुम्हाला ठाऊक आहे. ताट वाढून, समोर बसून, पहिला घास घेतलात की ताटाच्या काठावर अंगठीने दोनदा वाजवा.

ती घंटी आल्याशिवाय मी घरातून निघणार नाही.

तुमचा,
महादेव